लाल कोट

लाल कोट दिसला की मला दोन माणसं आठवतात. एक माझे अब्बा. मिरजेच्या एका बँडमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं साइड ड्रम वाजवला. दुसरा एक गोरा मुलगा. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा गावच्या ड्रम कोअरमध्ये तो तेच वाद्य वाजवत होता. दोघांच्या कोटाचा रंग जवळजवळ सारखा. डाव्या हातातली काडी धरायची पद्धतही सारखी. या दोघांची भेट कधी झाली नाही. पण तो मुलगा मला भेटला नसता, तर माझ्या बापाची आणि माझी भेट राहून गेली असती, असं आज सत्तरी ओलांडल्यावर वाटतं.

मिरज हे संगीताचं गाव. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. उरुसात मोठमोठे गवई तिथं हजेरी लावतात. सतारी आणि तंबोरे करणाऱ्या घराण्यांचं नाव देशभर आहे. गावाला या सगळ्याचं कौतुक आहे, पण ते कौतुक बँडवाल्यांच्या गल्लीपर्यंत कधी आलं नाही. गवयाला लोक खाँसाहेब म्हणतात, सतार करणाऱ्याला कारागीर म्हणतात आणि बँडवाल्याला ‘ए बँड’ म्हणतात.

अब्बांचा बँड दहा-बारा जणांचा. लग्नसराईत रोजची सुपारी, पावसाळ्यात चार महिने रिकामे. त्या दिवसांत अब्बा एका लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम करत. उन्हाळा आला की अम्मी ट्रंकेतून लाल कोट काढायची, सोनेरी गोंड्यांची शिवण बघायची, पितळी बटणं चिंचेनं घासायची. मी लहान होतो तोवर तो कोट मला बादशहाचा वाटायचा. शाळेत गेल्यावर तो बँडवाल्याचा झाला.

नववीत असताना वर्गातल्या एका मित्राच्या थोरल्या भावाचं लग्न होतं. मला आमंत्रण होतं. इस्त्रीचा शर्ट घालून मी वरातीत गेलो, तर पुढे अब्बांचा बँड. मित्राच्या काकांनी नवरदेवावरून एक रुपयाची नोट ओवाळली आणि खाली टाकली. अब्बांनी एका हातानं ठेका चालू ठेवला, दुसऱ्या हातातली काडी काखेत धरली आणि वाकून नोट उचलली. वर पाहिलं तर समोर मी. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. मान वळवली आणि वाजवत पुढे गेले. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी तसं केलं, हे कळण्याचं माझं वय होतं. तरीही मला लाज वाटलीच. मांडवात सगळ्यांची पंगत उठल्यावर बँडवाल्यांना बाहेर पानं मांडली. मी न जेवताच घरी गेलो.

त्यानंतर शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘नोकरी’ असं लिहू लागलो.

मोहल्ल्यातही फार मान होता असं नाही. बाज्याची कमाई हलाल की हराम, यावर चहाच्या टपरीवर अधूनमधून वाद व्हायचा. अब्बा पाच वक्ताचे नमाजी. ते वादात पडायचे नाहीत. फार झालं तर म्हणायचे, “पसीना तो हलाल है ना?” वरात मशिदीजवळ आली की हात वर करून सगळा बँड ते गप्प करायचे. समोरून मयत आली तरी हात वर जायचा, मग ती कुणाचीही असो. वरातीतली पोरं चिडायची, पण अब्बांचा हात खाली येईपर्यंत एकही काडी पडायची नाही.

१९६९ मध्ये मी एसएससीला चांगल्या गुणांनी पास झालो. गावात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार ठरला. वेळ संध्याकाळी पाचची. त्याच दुपारी अब्बांची वरात होती. सकाळी निघताना ते म्हणाले, “मैं वहाँसे सीधा आता.” मी म्हणालो, “अब्बा, कपडे बदलके आओ. वो लाल कोट नक्को.” ते क्षणभर थांबले आणि “हौ” म्हणाले. संध्याकाळी ते आलेच नाहीत. रात्री म्हणाले, वरात लांबली. मी ते खरं मानलं. तसं मानण्यात माझी सोय होती.

पुढे सांगलीत इंजिनिअरिंग झालं. १९७६ मध्ये मी अमेरिकेला शिकायला गेलो आणि १९७८ च्या सुरुवातीला सांता क्लाराच्या एका कंपनीत नोकरीला लागलो. जर्दाळूच्या आणि आलुबुखाऱ्याच्या बागा तोडून तिथं चिपचे कारखाने उभे राहत होते. एका विधवा बाईंच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली. पहिल्याच रविवारी सकाळी गॅरेजमधून आवाज आला. रबरावर पडणाऱ्या काडीचा. आधी संथ, मग किंचित जलद, मग परत संथ. मी अंथरुणात उठून बसलो. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पावसाळ्यात अब्बा जुन्या टायरचा तुकडा पाटावर ठोकून त्यावर हाच रियाज करायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

बाहेर येऊन पाहिलं. बाईंचा अठरा वर्षांचा मुलगा रबरी पॅडसमोर उभा होता. उजव्या हातातली काडी वरून धरलेली, डाव्या हातातली मात्र तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात. थेट अब्बांची पकड. जुन्या काळी ड्रम पट्ट्याला अडकवून एका बाजूला तिरका लटकायचा, त्यामुळे डावा हात असा खालून घालावा लागे. त्या मुलाच्या पथकात ड्रम आता धातूच्या कॅरिअरवर सरळ आडवा बसत असे, तिरक्या ड्रमची गरज संपली होती. तरी हातानं जुनी सवय सोडलेली नव्हती.

बाई म्हणाल्या, “आवाजाचा त्रास होत असेल तर सांगा हं. तुमच्या घरी वाजवतं का कुणी?”

मी म्हणालो, “नाही.”

अर्धी पृथ्वी ओलांडून गेलो होतो, तरी तो फॉर्म माझ्या खिशातच होता.

तो मुलगा ज्या पथकात होता त्याचं नाव सांता क्लारा व्हॅनगार्ड. १९६७ मध्ये ते स्थापन झालं आणि गेल रॉयर नावाचे गृहस्थ सुरुवातीपासून त्याचे संचालक होते. ड्रम कोअर म्हणजे काय, हे मला त्या उन्हाळ्यात हळूहळू कळलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी बिगुल आणि ढोलांची पथकं उभी केली. पुढे चर्च, स्काउट यांनी आपल्या वस्तीतल्या पोरांची पथकं काढली. बहुतेक पोरं कामकरी घरांतली. ती रस्त्यावर भटकू नयेत हा एक हेतू. मग पथकांच्या चढाओढी सुरू झाल्या. सैनिक संघटनांचे स्पर्धेचे नियम जाचक वाटू लागले, तेव्हा १९७१ मध्ये काही पथकांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली, ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’. रॉयर त्यांतले एक. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती अ‍ॅनाहाइमच्या किंग्जमेन पथकानं जिंकली. पुढची दोन्ही वर्षं, १९७३ आणि १९७४, व्हॅनगार्डची.

पथकात जास्तीत जास्त एकशे अठ्ठावीस मुलं-मुली. वय एकवीसपर्यंत. एकवीस पूर्ण झाल्यावर एकच शेवटचा उन्हाळा, मग कितीही चांगला वाजवणारा असो, बाहेर. फुंकायची वाद्यं फक्त बिगुल जातीची, सगळी ‘जी’ स्वराची, त्यांना तेव्हा दोनच व्हॉल्व्ह. सनईसारखं, क्लॅरिओनेटसारखं लाकडी वाद्य एकही नाही. ढोल मात्र पाहण्यासारखे. आमच्या बँडात एक बडा ढोल असतो आणि तो ठेका धरतो. इथं लहानमोठे ढोल एका ओळीत, प्रत्येकाचा स्वर वेगळा. प्रत्येकानं आपली एकेक थाप द्यायची आणि ऐकणाऱ्याला वाटावं, एकच माणूस सरसर सूर उतरत गेला. कुणाची थाप केसभर उशिरा पडली की माळेतला मणी गळालाच.

मे-जून उजाडला की शाळेच्या मैदानावर दिवसभर तालीम. मी सुट्टीच्या दिवशी बाईंबरोबर जाऊ लागलो. त्या इतर आयांबरोबर सँडविच करायच्या, कोटांची बटणं टाचायच्या. पथकांना पैसा फार लागायचा. तो उभा करायला अनेक पथकं बिंगोच्या रात्री चालवत. उन्हात सव्वाशे पोरं पंचवीस पावलं चालायची, थांबायची, परत मागे जायची आणि तीच पंचवीस पावलं पुन्हा. वीस वेळा, तीस वेळा. जुलैपासून बसचा प्रवास. रात्रभर बस, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत फरशीवर पथारी, दुपारी तालीम, संध्याकाळी स्पर्धा, परत बस. यासाठी त्यांना कुणी छदाम देत नव्हतं. उलट प्रत्येक मुलगा पैसे भरून वाजवत होता.

पहिली स्पर्धा मी १९७८ च्या जूनमध्ये जवळच्याच मैदानावर पाहिली. पथकं एकेक करून येत होती. व्हॅनगार्डचं नाव पुकारलं आणि मैदानाच्या कडेला लाल कोट दिसले. एका बाजूनं वळवलेली ऑस्ट्रेलियन टोपी, लाल कोट, पुढ्यात ड्रम. माझ्या पोटात खड्डा पडला. वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणीतरी ओरडेल, ‘ए बँड!’

सगळं स्टेडियम उभं राहिलं. पोरांनी अजून एक काडीही हलवली नव्हती. म्हातारी माणसं टोप्या काढून उभी होती. बाई माझ्या शेजारी दोन्ही हात छातीशी घेऊन उभ्या होत्या. मुलगा लाल कोट घालून लोकांसमोर येतोय म्हणून आई रडत होती. मी त्या बारा मिनिटांतलं संगीत फारसं ऐकलंच नाही. मला सत्कार समारंभातली एक रिकामी खुर्ची दिसत राहिली.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. हातात पाटी-पेन्सिल घेतलेले परीक्षक चक्क मैदानात, पोरांच्या रांगांमधून फिरत होते. ड्रमवाल्याच्या काडीजवळ कान नेऊन ऐकत आणि कागदावर रेघ मारत. रात्री त्या मुलानं समजावलं. प्रत्येक रेघ म्हणजे एक चूक आणि प्रत्येक चुकीला गुणाचा एक दशांश वजा. वाजवण्यात आणि चालण्यात असं गुण कापत जायचं. पथकानं काय चांगलं केलं त्याची बेरीज थोडी, काय चुकलं त्याची वजाबाकी फार. त्या रेघेला ते ‘टिक’ म्हणत.

मी विचारलं, “चूक कुणाची ते सांगतात?”

“नाही. टिक सगळ्यांच्या नावावर.”

त्या ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या माइल हाय स्टेडियममध्ये व्हॅनगार्डनं अजिंक्यपद मिळवलं. अख्खी गल्ली घरी लोटली. मुलगा परत आल्यावर त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी अंगणात ‘बॉटल डान्स’ करून दाखवला. हा नाच ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतिकेतला. रशियातल्या एका ज्यू खेड्यात लग्न लागतं आणि पुरुष डोक्यावरच्या टोपीवर बाटल्या तोलून नाचतात. व्हॅनगार्डनं सत्तरच्या दशकात तो मैदानात आणला आणि ती त्यांची ओळख होऊन बसली. पोरं सोड्याच्या बाटल्या डोक्यावर घेऊन गुडघ्यांवर बसत, पाय फेकत, बाटल्या पडत, हशा पिकत होता. लग्न, वाजंत्री, नाचणारे पाहुणे. मी पायरीवर बसून पाहत होतो. त्या ज्यू खेड्यातही वाजंत्र्यांची पंगत शेवटी बसत असेल का, असा विचार आला.

विजयाचं वर्ष एकच टिकलं. पन्नासेक मैलांवरच्या कॉन्कर्ड गावचं ब्लू डेव्हिल्स हे व्हॅनगार्डचं जुनं प्रतिस्पर्धी पथक. १९७९ आणि १९८० ही दोन्ही वर्षं अजिंक्यपद त्यांच्याकडे गेलं. १९८० मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला व्हॅनगार्ड थेट सातवं आलं. मुलगा घरी आला आणि दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गॅरेजमधून काडीचा आवाज सुरू झाला. संथ, किंचित जलद, परत संथ. वर्षभर तो थांबला नाही. १९८१ च्या ऑगस्टमध्ये माँट्रिअलच्या ऑलिंपिक स्टेडियममधून रात्री उशिरा फोन आला. बाईंनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडे नुसता गोंगाट होता आणि त्यातून तो ओरडत होता, “पहिले! आम्ही पहिले!” तो एकवीस वर्षांचा झाला होता. तो त्याचा शेवटचा उन्हाळा होता.

परत आल्यावर तो काही दिवस रिकामा फिरत होता. काय करायचं ते हातांना कळत नव्हतं. एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, “तुला एक सांगायचंय. माझे वडील साइड ड्रम वाजवतात.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. साडेतीन वर्षं मी त्याच्या घरात राहत होतो.

मला वाटलं, तो विचारेल, मग आजवर बोलला का नाहीस. त्यानं विचारलं, “पकड कुठली?” मी दोन पेन्सिली घेऊन दाखवली. “किती वर्षं वाजवतात?” मी म्हणालो, तीसहून जास्त. “आणि घर त्यावर चालतं?” मी म्हणालो, हो. आम्ही चार भावंडं त्यावरच शिकलो.

तो आतल्या खोलीकडे वळून ओरडला, “आई, ऐकलंस? याचे वडील धंदेवाईक ड्रमर आहेत! तीस वर्षं!”

धंदेवाईक. अब्बांच्या कामाला इतक्या आदरानं कुणी काही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. याला उमेदीची चार वर्षं पैसे भरून वाजवायला मिळालं आणि एकविसाव्या वर्षी कोट उतरवावा लागला. माझ्या बापाला कोट उतरवायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, एक माझ्याशिवाय.

निघताना त्यानं माँट्रिअलला वाजवलेल्या काड्यांची जोडी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, वडिलांना दे.

त्या काळात मी वाचनालयात बसून या वाद्यांचा माग काढत होतो. युरोपच्या फौजांना आपल्या बँडमधला मोठा ढोल आणि झांजा मिळाल्या त्या उस्मानी तुर्कांकडून. सुलतानाच्या जानिसारी फौजेपुढे मेहतर नावाचं वाद्यपथक चाले. त्याचा दणका ऐकून अठराव्या शतकात युरोपच्या राजांनी आपापल्या पलटणीत ‘तुर्की बाजा’ ठेवायला सुरुवात केली. मधल्या युगात आपल्या नक्काऱ्यालाही तिकडे ‘नेकर’ असं नाव मिळालं होतं. १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरा यानं जानिसारी फौज मोडली आणि तिच्याबरोबर मेहतरही गेलं. दोनच वर्षांनी नव्या धर्तीचा बँड उभा करायला त्याला इटलीहून डोनिझेट्टी नावाचा संगीतकार बोलवावा लागला. अमेरिकेतल्या पथकांत झांजांवर ‘झिल्जन’ असं नाव मी वाचलं होतं. तेही इस्तंबूलचंच निघालं. १६२३ पासून झांजा करणारं हे आर्मेनियन ख्रिस्ती घराणं. तुर्कीत ‘झिल’ म्हणजे झांज, तेव्हा नावाचा अर्थ सरळ झांजवाला. १९२९ मध्ये त्यांचा कारखाना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेला. आपल्याकडे बागवान, तांबोळी, शिकलगार ही नावं अशीच धंद्यावरून पडली आणि शिकलेली पोरं ती लपवतात. त्यांनी ते नाव झांजेवर कोरून जगभर विकलं.

१९८१ च्या डिसेंबरात मी मिरजेला गेलो. अब्बांनी बँड नुकताच सोडला होता. गुडघे दुखायचे, वरातीबरोबर चालवत नव्हतं. मी पथकाच्या तालमीची एक कॅसेट करून नेली होती. ती लावली. अब्बा डोळे मिटून ऐकत होते, डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती. संपल्यावर म्हणाले, “अच्छा बजाते. हाथ साफ है. मगर इसपे शादीमें नाचेगा कौन?”

मी हसलो. मग सांगितलं की ही पोरं रोज दहा-दहा तास घाम गाळतात. त्यांनी विचारलं, “मिलता कितना?”

“मिलता नै अब्बा. उनोंच देते.”

“या अल्ला,” अब्बा म्हणाले. “और हमको लोगाँ पागल बोलते थे.”

सुलतानाची आणि झांजवाल्याची गोष्ट सांगितली, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेलो, तर बाकावर बसून अब्बा सगळ्यांना सांगत होते, सुलतान फौजेपुढे पहिला ढोल कसा चालवायचा. माझ्या गोष्टीत नसलेले दोन हत्तीही त्यात आले होते.

काड्या मी कागदात गुंडाळून दिल्या. अब्बांनी त्या हातात तोलल्या, टोक नखानं तपासलं, एक काडी कानाजवळ नेऊन दुसरीनं हलकेच वाजवली. मग पाट ओढला आणि वाजवलं. पाचेक मिनिटं असतील. अम्मी चुलीपासून उठून दारात आली. मी त्यांचा वाजवतानाचा चेहरा त्या दिवशी प्रथम पाहिला. वरातीत मी नेहमी दुसरीकडे बघत असे.

मी म्हणालो, “अब्बा, कोट पहनो ना. फोटू निकालता.” कॅमेरा तयार होता. त्या मुलाला फोटो पाठवायचं कबूल करून आलो होतो.

अब्बांनी काड्या पाटावर ठेवल्या. माझ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, “नक्को रे. तब तूने मना किया, अब मैं करता. हिसाब बराबर.”

बारा वर्षांत त्या संध्याकाळचा उल्लेख आमच्यात कधी झाला नव्हता. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला काही बोलता आलं नाही. माफी मागायची तर ती तेव्हाच मागायला हवी होती. मी कॅमेऱ्याची पट्टी गुंडाळत बसलो. लाल कोटातला अब्बांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

काड्या भिंतीवर लावाव्यात असं माझ्या मनात होतं. मी परत जाण्याआधीच अब्बांनी त्या मोहल्ल्यातल्या एका पोराला देऊन टाकल्या. तो नुकताच बँडात लागला होता. मी हळहळलो तर म्हणाले, “लकडी बजानेकू रहती. टाँगनेकू नै.” पोरानं एका लग्नसराईत त्या मोडल्या. अब्बांना त्याचाच आनंद.

१९८३ नंतर ड्रम कोअरमधली टिकची पद्धत बंद झाली. १९८४ पासून पथकानं काय साधलं त्याचे गुण मोजू लागले. त्या मुलानं पत्रातून कळवलं तेव्हा मी ते पत्र दोनदा वाचलं. मी बापाच्या नावावर किती वर्षं रेघा मारत होतो. वाकून उचललेली नोट, बाहेरची पंगत, लाल कोट. चार मुलं शिकवली, मशिदीसमोर आणि मयतीसमोर काडी थांबवली, मुलाला लाज वाटू नये म्हणून त्याला भर रस्त्यात ओळख दाखवली नाही, याचे गुण माझ्या कागदावर कुठं नव्हतेच.

अब्बा १९८७ मध्ये गेले. त्यांची मयत निघाली तेव्हा समोरून वरात येत होती. बँड थांबला. कुणी हात वर केला ते मला दिसलं नाही.

ड्रम कोअर आता खूप बदललं आहे. २००० पासून ‘जी’ स्वराच्या बिगुलाची सक्ती गेली, नंतर माइक आले, मग विजेवरची वाद्यं. कॅडेट्ससारखं १९३४ पासूनचं पथक २०२४ मध्ये बंद झालं. व्हॅनगार्डनं २०१८ मध्ये सातवं अजिंक्यपद मिळवलं, पण २०२३ च्या उन्हाळ्यात ते मैदानावर उतरलंच नाही. घडी नीट बसवायला संस्थेला वर्षभर थांबावं लागलं. २०२४ मध्ये ते परत आलं. त्या दिवशी त्याचा फोन आला. आता तोही साठीपार. म्हणाला, “परत आलो आम्ही.” अजून ‘आम्ही’च म्हणतो. मिरजेत वरातीपुढे आता डीजे असतो. बँड उरले आहेत थोडे, आणि त्यांतल्या पोरांना कुणी ‘धंदेवाईक’ म्हणत नाही.

गेल्या वर्षी नातीला शाळेतून घराण्याची माहिती लिहून आणायला सांगितली होती. नाव, गाव, काम असे रकाने. वहीचं पान घेऊन ती माझ्याजवळ आली.

“दादाजान, तुमचे अब्बा काय करायचे?”

“साइड ड्रम वाजवायचे. बँडमध्ये.”

तिनं लिहिलं. मग विचारलं, “ड्रेस असायचा?”

म्हणालो, “हो. लाल कोट.” तिनं तेही लिहिलं.